खुर्चीमागची जागा

१

सकाळी धुकं दरीतून चढत येऊन बागेच्या कुंपणाशी थबकायचं, तेव्हा एदेल्मिराच्या चुलीवर पाणी उकळत असायचं. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. पातेलं निवेपर्यंत आदल्या दिवशीच्या बाटल्या ब्रश घालून घासायच्या, कारण बाटलीत काळी बुरशी राहिली की पाखरांच्या जिभा सुजतात. मग लाल तोट्यांच्या त्या बारा बाटल्या पडवीच्या वाशाला एकेक करून टांगायच्या. शेवटची अडकवेपर्यंत पहिलीवर भांडणं सुरू झालेली असत. अंगठ्याएवढे हिरवे हमिंगबर्ड, शेपटीला दोन चिमुकले चमचे लावल्यासारखे. जांभळ्या कानांचे दांडगट, स्वतः पिणार नाहीत आणि दुसऱ्याला पिऊ देणार नाहीत. आणि लांब निळ्या शेपटीचा एक, तो रोज सगळ्यांच्या मागून यायचा.

बाटल्या झाल्या की रिगोबेर्तो.

मागच्या वर्षी कॉफी वाळवायच्या फरशीवर तिचा नवरा पडला, तो डाव्या अंगाने पुन्हा उठलाच नाही. त्याला अंथरुणातून काढायचं, पुसायचं, कपडे चढवायचे, भरवायचं, खुर्चीत आणून बसवायचं, हे सगळं ती चोख करायची. न बोलता करायची. राग नव्हता त्यात. बोलायला गेलं की त्याचे अर्धे शब्द गालातच राहायचे आणि तो रडायला लागायचा, आणि ते रडणं तिला सोसायचं नाही. म्हणून तिचे हात भराभर चालायचे आणि तोंड मिटलेलं असायचं.

खुर्ची पडवीच्या कडेला लावून ती त्याच्या उजव्या तळहातावर साखरपाण्याने भरलेलं लाल झाकण ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायची. पाखरं त्याच्या बोटांवर येऊन बसायची. त्यांची नखं म्हणजे शिवणाच्या धाग्याची टोकं. वजन कळायचंच नाही, कळायची ती फक्त ऊब. आठवड्यातून तीनदा ओस्वाल्दो आपल्या गाडीतून राजधानी किटोहून पाहुणे आणायचा. तेही हातावर झाकणं घेऊन उभे राहायचे.

"आधी तुमचं तोंड बघतील हं," ओस्वाल्दो त्यांना सांगायचा. "घाबरू नका. ओळखपाळख झाल्याशिवाय जेवायला बसत नाहीत ते."

आणि तसंच व्हायचं. नवा माणूस दिसला की हमिंगबर्ड थेट त्याच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर येऊन हवेत थांबायचा. कपाळ, डोळे, हनुवटी, सगळं निरखायचा. पंखांचा वारा पापण्यांना लागायचा, बायका किंचाळायच्या. दोन-तीन क्षणांत पाखराचं समाधान व्हायचं, आणि मग त्या माणसाच्या तोंडाकडे ते पुन्हा कधी बघायचं नाही.

"दॉन रिगो," ओस्वाल्दो जाताजाता चेष्टा करायचा, "पाखरं कशी तुमच्या मुठीत! आमच्या घरी बायको एका हाकेत चहा देत नाही."

रिगोबेर्तोचं अर्धं तोंड हसायचं.

२

फेब्रुवारीतल्या एका सकाळी एदेल्मिरा केळ्याचे गोळे तळत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खुर्ची तिरपी दिसायची. नवऱ्याची पाठ, बाजूला काढलेला हात, हातावर एक हिरवं पाखरू. दुसरं पाखरू आलं, पण हाताकडे न जाता ते खुर्चीमागे, रिगोबेर्तोच्या डोक्याच्या दीड वीत वर हवेत थांबलं. थोडं वर झालं, थोडं खाली आलं. मग वळून हातावर जाऊन बसलं.

तिसरं आलं, तेही आधी तिथेच थांबलं.

गोळा एका बाजूने करपला, तो उलटताना तिने मनाशी म्हटलं, कोळ्याचं जाळं असेल. घरटं बांधायला हमिंगबर्ड जाळ्याचे धागे नेतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दुपारी तिने लांब झाडू घेऊन पडवीचं छत झाडलं. जाळं निघालं, पण ते पार कोपऱ्यातलं, जुनं आणि धुळीने भरलेलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. नीट पाहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की प्रत्येक पाखरू हे एकदाच करतं. एकदा तिथे थांबून झालं की परत त्या जागेकडे फिरकत नाही.

ओस्वाल्दो आला तेव्हा तिने त्याला खिडकीशी बोलावून दाखवलं. तो दहा वर्षं पाहुण्यांना पाखरं दाखवत होता. डोळे बारीक करून तो बराच वेळ बघत राहिला.

"चिलटं असतील, दोन्या एदे. बारीक चिलटं खातात ते. माणूस बसलेला असला की वर ऊब जमते, तिथे चिलटं घोंघावतात." रिगोबेर्तोला 'दॉन', तशी तिला तो मानाने 'दोन्या' म्हणायचा.

"चोच उघडत नाहीत ते."

"म्हणजे?"

"चिलटं खायची तर चोच उघडायला हवी ना? ते नुसतेच बघतायत."

ओस्वाल्दो हसला. "तुम्ही माझं काम घेणार एक दिवस." मग पाहुण्यांनी हाक मारली तसा तो गेला. पण जाताना पडवीतून सरळ जायचं सोडून तो बागेतून वळसा घालून गेला, हे तिने पाहिलं.

३

तिने खुर्ची हलवली. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे छतही वेगळं होतं आणि उजेडही वेगळ्या बाजूने यायचा. कारण उजेडात, पत्र्याच्या चमकीत, वाऱ्यात काही असेल, तर ते जुन्या जागेवरच राहायला हवं होतं.

पाखरांनी दोन दिवस जुन्या जागेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वर्षीची नवी पिल्लं नुकती उडायला लागली होती. ती येत, खुर्चीमागे, त्याच उंचीवर थांबत, आणि मग हातावर उतरत.

म्हणजे जे काही होतं, ते खुर्चीबरोबर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने हात पुसले, डोक्याचा लाल रुमाल काढून खुंटीला लावला, कारण लाल रंगावर पाखरं धावतात, आणि ती स्वतःच खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हात पाठीशी बांधले. रिगोबेर्तोने मान वळवायचा प्रयत्न केला.

"मीच आहे," ती म्हणाली. "हलू नकोस."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्या दिवसांत त्याचं बोलणं इतकं स्पष्ट क्वचितच यायचं.

बराच वेळ काही झालं नाही. मग गुरगुर ऐकू आली, भोवऱ्याची असते तशी, आणि निळ्या शेपटीचं एक पिल्लू समोरून आलं. ते तिच्या डाव्या गालापाशी थांबलं. इतकं जवळ की वाऱ्याने तिच्या कानावरची बट उडायला लागली. त्याच्या गळ्यावरचे खवले तिला एकेक दिसत होते, क्षणात काळे, क्षणात निळेशार. मोहरीएवढा डोळा. तिने हळूच नजर वळवून त्या डोळ्यात पाहिलं.

पाखरू तिच्याकडे बघत नव्हतं. ते तिच्या गालाच्या अगदी शेजारी, जिथे दुसऱ्या माणसाचा गाल असता, तिथे बघत होतं. चोचीचं टोक वर गेलं, कपाळापाशी असल्यासारखं. मग थोडं खाली. मग आणखी खाली, हनुवटीपर्यंत. आणि मग ओळख पटल्यासारखं ते वळलं आणि रिगोबेर्तोच्या बोटावर जाऊन बसलं.

एदेल्मिरा अर्धं पाऊल उजवीकडे सरकली.

आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिल्यावर तिला कळलं की पाखराला घाबरून ती सरकली नव्हती. गर्दीच्या बसमध्ये शेजारचीला जागा करून द्यावी, तशी ती सरकली होती.

४

आणि रिगोबेर्तो सुधारायला लागला.

दवाखान्यातली नर्स महिन्यातून एकदा यायची. तिने त्याच्या डाव्या हाताची बोटं उघडून पाहिली आणि म्हणाली, "काय हो दोन्या, कसलं तेल लावता? मूठ सैल पडलीय." एदेल्मिरा तेल लावत नव्हती. तिला सवडच नव्हती. नर्सने मात्र वहीत "घरच्यांची उत्तम शुश्रूषा" असं लिहिलं.

तिने स्वतःची समजूत घातली. माणूस बरा होतोय. पाखरं काय बघतात ते पाखरांना माहीत. बारा बाटल्या, एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. हातात काम असलं की असले विचार येत नाहीत. तिने खिडकीला पडदा लावला.

पण पडद्याआडून ऐकू यायचंच. रिगोबेर्तो गुणगुणायचा. लग्नाआधी तो कॉफीच्या मळ्यात गुणगुणायचा तसं. आणि त्याला आत न्यायला ती गेली की तो म्हणायचा, "थांब. आत्ताच नको."

"पाऊस येतोय, रिगो."

"येऊ दे."

एकदा पाऊस खरंच आला. वाऱ्याबरोबर पडवीत शिरला. ती धावत गेली तर त्याचे पाय भिजले होते, मांडीवरची घोंगडी भिजली होती, आणि मान एका बाजूला कललेली होती. पडलेली नव्हती, कललेली. झोपलेल्या मुलाची मान आईच्या दंडावर असते तशी. त्याच्या शर्टाला मात्र, छातीपासून वर, थेंबही लागला नव्हता.

ती त्याला आत घेऊन आली. तो रडला. या वेळचं रडणं वेगळं होतं. कुणापासून तरी तोडल्यासारखं.

५

ज्या सकाळी तिने घर सोडलं, त्या सकाळी ती बाटल्या टांगून आत गेली आणि चुलीपाशी थबकली. काहीतरी चुकत होतं. काय ते तिला पटकन कळेना. मग कळलं. आवाज नव्हता.

त्या घरात उजाडल्यापासून मावळेपर्यंत पंखांची गुरगुर असायची. ती इतकी अंगवळणी पडलेली होती की ऐकूच यायची नाही. आता ती नव्हती. तिने पडदा बाजूला केला.

बाटल्यांवर कुणी नव्हतं. रिगोबेर्तोच्या हातावरही कुणी नव्हतं. पाच पाखरं खुर्चीमागे हवेत होती. आणि त्यांचे पंख मिटलेले होते.

तिने काचेला कपाळ टेकलं. पंख खरंच मिटलेले होते, अंगाशी चापून. नखं वळलेली, काहीतरी धरून बसल्यासारखी. त्यांच्या पायांखाली फांदी नव्हती, तार नव्हती. पलीकडची ओली झाडं स्वच्छ दिसत होती. दोन पाखरं डावीकडे, दोन उजवीकडे, एकाच उंचीवर. मधे जागा सोडलेली, माणसाची मान आणि डोकं मावेल एवढी. पाचवं त्या जागेच्या वर बसलं होतं.

डोळ्यांचा भास, तिने स्वतःला सांगितलं. काच जुनी आहे. रात्री झोप झालेली नाही. ती हे सांगत होती तेवढ्यात पाचही पाखरं एकदम किंचित वर उचलली गेली आणि किंचित खाली आली. पुन्हा वर. पुन्हा खाली. सावकाश, एका लयीत. निवांत उभ्या असलेल्या माणसाचे खांदे श्वासाबरोबर हलतात तसे.

तिने पातेलं उचलून ओट्यावर आपटलं. पाखरं उडाली, गुरगुर परत सुरू झाली. खुर्चीमागे काहीही नव्हतं.

तिने ओस्वाल्दोला फोन लावला.

"काय दोन्या, आज पाहुणे नाहीत म्हणून करमत नाही वाटतं?"

"गाडी घेऊन ये. आम्हाला किटोला जायचंय, बहिणीकडे."

"परवा चालेल का? टायर..."

"आत्ता ये, ओस्वाल्दो."

तो काही न विचारता आला. त्याने रिगोबेर्तोला उचलून गाडीत बसवलं तेव्हा रिगोबेर्तो उजव्या हाताने पडवीचा खांब धरून होता, आणि एदेल्मिराला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. बाटल्या तशाच लटकत राहिल्या. गाडी वळणावर गेली तेव्हाही तिने मागे पाहिलं नाही. ओस्वाल्दोने आरशात पाहिलं, आणि मग त्याने आरसा वर वळवून टाकला.

६

तिची थोरली बहीण नार्सिसा शहराच्या दक्षिण टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहायची. वर गच्ची होती. कपडे वाळत घालायच्या तारा, पाण्याची टाकी, शेजारच्यांच्या विटांच्या भिंती. खाली गॅसच्या सिलिंडरची गाडी भोंगा वाजवत जायची. झाड एकही नव्हतं. एदेल्मिराने पहिल्याच दिवशी चारी बाजूंनी खाली बघून खात्री करून घेतली होती.

"पाखरांची खानावळ बंद केलीस ते बरं झालं," नार्सिसा म्हणाली. "माणसाला साखर मिळेना आणि ही बया पाखरांना पाजत बसलीय."

"हो, न्यान्या," एदेल्मिरा म्हणाली. थोरल्या बहिणीला ती अजून लहानपणीच्याच नावाने हाक मारायची.

रिगोबेर्तोला ती रोज सकाळी उन्हाला गच्चीवर बसवायची. दोघी बहिणी मिळून खुर्ची वर चढवायच्या. तो पहिले चार दिवस बोललाच नाही. डावी मूठ परत आवळली गेली. पाचव्या दिवशी ती त्याच्या पायांत मोजे घालत होती, तेव्हा तो एकदम म्हणाला, "रागावलीस?"

"नाही. कशाला रागावू?"

"मग ठेवत का नाहीस?"

"काय ठेवत नाही?"

"हात." त्याने उजव्या हाताने आपला डावा खांदा थोपटून दाखवला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता, पण त्याने ते जुळवले. "तिकडे ठेवायचीस. रोज. मागे उभी राहून. पाखरं यायची तेव्हा. एक शब्द बोलायची नाहीस. पण हात ठेवायचीस." त्याचे डोळे भरले, पण तो रडला नाही. "मला वाटायचं, मी नुसतं ओझं झालोय हिला. मग तू हात ठेवायला लागलीस. त्यावर जगलो, एदे."

एदेल्मिरा दुसरा मोजा हातात धरून तशीच बसून राहिली. त्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. रोज. तिने वर्षभरात त्याला उचललं होतं, वळवलं होतं, पुसलं होतं. त्याच्या खांद्यावर नुसताच हात तिने एकदाही ठेवला नव्हता.

खरं सांगावं असं तिच्या मनात आलं. ते तोंडापर्यंत आलं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

ती उठली, खुर्चीमागे गेली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. शर्टाखालची हाडं तिच्या हातांना लागली. केवढा हडकुळा झाला होता तो. तिला हुंदका आला.

रिगोबेर्तोने डोळे मिटून घेतले. मग तो अवघडल्यासारखा हलला.

"असे नाही," तो म्हणाला.

"मग कसे?"

"हे जड आहेत." आणि मग, तिला वाईट वाटू नये अशा आवाजात, "त्यांना वजन नसायचं."

७

तो रविवार होता. नार्सिसा चर्चमध्ये गेली होती. एदेल्मिरा बटाट्याच्या सूपचं भांडं घेऊन जिना चढली. वरच्या पायरीवरच तिला गुणगुण ऐकू आली.

गच्चीवर लख्ख ऊन होतं. तारांवर चादरी होत्या, वारा नव्हता म्हणून त्या सरळ लोंबत होत्या. आकाशात एकही पाखरू नव्हतं. तिने आधी तेच पाहिलं. टाकीवर नाही, भिंतींवर नाही, कुठेच नाही. पाखरं नसली की काही दिसायला वावच नाही, असं तिच्या मनाने घाईघाईने तिला सांगितलं.

रिगोबेर्तो तिच्याकडे तोंड करून बसला होता. डोळे मिटलेले. डावी मूठ उघडी, तळहात आकाशाकडे. मान कललेली. त्याने नार्सिसाच्या नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट घातला होता, दोन मापं मोठा. त्या शर्टाचे खांदे एरवी वर फुगलेले असायचे. आता दोन्ही खांद्यांवर कापड दबलेलं होतं. मधे सपाट, कडांना चुण्या. प्रत्येक बाजूला चार चुण्या, बोटांमधून वर आल्यासारख्या.

ती बघत असताना डाव्या बाजूच्या चुण्या सुटल्या, आणि जरा पुढे सरकून पुन्हा पडल्या. कुणी पकड नीट करून घ्यावी तशा.

सूप तिच्या मनगटावर सांडलं. भाजलं, तेव्हा तिला भान आलं. खाली जाऊन दार लावून घ्यावं, नार्सिसाची वाट बघावी, असं तिच्या पायांना वाटत होतं. पायांनी एक पायरी उतरूनही घेतली.

मग तिने भांडं जिन्यावर ठेवलं आणि गच्ची ओलांडून गेली. मान खाली घालून गेली. खुर्चीच्या पाठीच्या वर बघायचं नाही, एवढं एकच तिने ठरवलं होतं. ती त्याच्या समोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. घट्ट. वर्षभरात प्रथमच ती त्याला कुठे न्यायला, उचलायला किंवा पुसायला धरत नव्हती.

"रिगो," ती म्हणाली, "मी आहे. मी इथे समोर आहे."

त्याने डोळे उघडले. तिला समोर पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने तिच्या हातांत धरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. मग नजर आपल्या डाव्या खांद्याकडे नेली, मग उजव्या. आणि त्याचं अर्धं तोंड हसायला लागलं, खूप वर्षांपूर्वी मळ्यात हसायचं तसं, खट्याळ.

"एदे," तो म्हणाला, "तुला हात तरी किती गं?"